परसदारात पाणी तुंबतं, माती पांढरी पडते. पेव्हर न घालता काय करता येईल? (सांगली)

नमस्कार. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे आणि मागं साधारण ३० बाय २० फुटांचं परसदार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. घर धुऊन-रंगवून पुन्हा उभं केलं, पण परसदार सावरलंच नाही. पारिजातक, कढीपत्ता, लिंबू सगळं मुळं कुजून गेलं; नारळ तेवढा तगला. २०२१ ला परत पाणी आलं आणि मग आम्ही तिकडं बघायचंच सोडलं.

आता सासूबाईंचे गुडघे गेलेत, फाटकाबाहेर पडणं होत नाही. याच परसदारातल्या पारिजातकाच्या फुलांचा त्यांनी एका चातुर्मासात लक्ष वाहिला होता. "मला वेचायला व्हायचं नाही, पण सकाळी दार उघडल्यावर सडा तरी दिसू दे," म्हणतात. मला हे यंदा पावसाच्या आत करायचंच आहे.

माती काळी, चिकण, त्यावर पुराचा गाळ. दर डांबरीकरणात रस्ता वर चढत गेला, त्यामुळं परसदार आता गटारापेक्षा जवळजवळ फूटभर खाली आहे. फूटभर खोल खड्डा काढून संध्याकाळी पाण्यानं भरून ठेवला, तर सकाळी निम्मं पाणी तसंच होतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि बोअरचं पाणी घालतो त्या बाजूला पांढरा थर येतो. तिथल्या जास्वंदीची पानं कडेनं करपतात.

गवंडी म्हणतात, दीड फूट मुरूम भरा आणि वर सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाका. मन घेत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते; ब्लॉक वर-खाली होणारच. त्यात परसदार उंच झालं की पाणी घराच्या जोत्याकडं वळणार, आणि जोतं आधीच ओल धरून आहे.

माझा बेत असा आहे: मागच्या दारापासून नारळापर्यंत चार फुटी शहाबादी फरशीची वाट, उतार भिंतीपासून बाहेर. सासूबाई काठी घेऊन चालतील, म्हणून पायरी नको. कुंपणाच्या कडेनं दोन फूट उंच विटांचे वाफे, खाली पाणी निघायला भोकं. त्यात नवी माती आणि शेणखत, वर उसाचं पाचट. पाचटाला आपल्याकडं तोटा नाही, आणि झाकलेल्या मातीतून पाणी कमी उडतं म्हणजे क्षारही कमी वर येतात.

अडलंय ते निचऱ्यावर. आपल्याकडं क्षारपड शेतात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढतात. तसं परसदारात कुणी केलंय का? गटारच वर असताना ते पाणी सोडायचं कुठं? कोपऱ्यात खड्डा करून लहान मोटरनं उपसणं हाच मार्ग आहे का? दुसरं, नात्यातले एक शेतकरी जिप्सम टाका म्हणतात. पण जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीला लागू पडतं, नुसत्या क्षारयुक्त जमिनीला नाही, असं मी वाचलंय; आणि निचरा नसेल तर त्याचा उपयोग नाही. मग आधी माती तपासावी ना?

पारिजातकाला दोन फुटांचा वाफा पुरेल का, की त्याच्यासाठी वेगळा उंचवटा करू? पाण्यात मुळं राहिलेली त्याला चालत नाहीत, हे एकदा बघितलंय, दुसऱ्यांदा बघवणार नाही.

भर घालते: बोअरऐवजी नळाचं पाणी का घालत नाही, असं खाली दोघांनी विचारलं म्हणून सांगते, नळाचं पाणी झाडांना पुरेल इतकं येत नाही, बोअर वापरावीच लागते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात परसदाराची एवढीशी माती तपासून देतात का, कुणाला अनुभव असेल तर कळवा. नमुना गाळाचा घ्यायचा की खालच्या काळ्या मातीचा, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढली आहे, तेव्हा जाऊन येईन.