'पर्यावरणीय वंशवाद' : खरी तक्रार की रडगाणं?

वाटसरू
मंडळी, कारखाने आणि कचरा कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या माथी मारला जातो, याला 'पर्यावरणीय वंशवाद' म्हणतात. मी अमेरिकेत लुइझियानात एका केमिकल प्लांटवर काम करतो. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स हा मिसिसिपीकाठचा साधारण 85 मैलांचा पट्टा. कारखान्यांच्या प्रदूषणामुळे लोक याला 'कॅन्सर अ‍ॅली' (कर्करोगाची गल्ली) म्हणतात. आमच्या शिफ्टचा ऑपरेटर कृष्णवर्णीय, इथलाच. परवा डबा खाता खाता म्हणाला, "बाहेरचे लोक येऊन आम्ही किती पीडित ते आम्हालाच शिकवतात. माझं घर याच पगारावर उभं राहिलं." 1998 मध्ये शिनटेक कंपनीने लोकांच्या विरोधानंतर याच पट्ट्यातल्या कॉन्व्हेंट गावचा नियोजित पीव्हीसी कारखाना रद्द केला, तेव्हा हातच्या नोकऱ्या गेल्या म्हणून त्याचे वडील हळहळले होते म्हणे. तर, दिसेल त्या धुराड्याला वंशवाद म्हणण्यापेक्षा स्वतःच्या पायावर उभे राहा, असं म्हणणं चूक आहे का?

रोखठोक
अजिबात नाही. जमीन स्वस्त तिथे कारखाना, आणि भाडं कमी म्हणून माणसंही तिथेच. गरीब गोरेसुद्धा राहतात की! कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेत विद्यार्थ्यांनी विटासुद्धा स्वतः भाजल्या. रडत बसले नाहीत.

चिखलवाट
रोखठोक, माणसं नंतर आली हे काही ठिकाणी खरं असेलही. पण ह्यूस्टनमधलं नॉर्थवूड मॅनर बघा. कर्ज काढून स्वतःची घरं घेतलेल्या मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांची वस्ती. आणखी किती स्वावलंबी व्हायचं? तिथेच कचराडेपो आला. रहिवाशांच्या 1979 च्या खटल्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहराचा हिशेब मांडला, तर पालिकेचे पाचच्या पाच डेपो कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाले. शहरात ती माणसं होती चौथाई. खटला मात्र रहिवासी हरले.

मी सहा वर्षं अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमरीत होतो, ड्रेनेजच्या कामात. शेजारच्या, बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या लाउंड्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) बऱ्याच घरांना गटारलाइन नाही. घरातून निघालेला पाइप थेट मागच्या अंगणात उघडतो. 'स्ट्रेट पाइप' म्हणतात. माती काळी, चिकट. पाणी जिरतच नाही, त्यामुळे साधी सेप्टिक टाकी बसवली तरी पावसाळी दिवसांत मैला उलटा न्हाणीघरात येतो. त्या मातीत चालेल अशी यंत्रणा हजारो डॉलरची. आणि गंमत म्हणजे अलाबामाचा कायदा तुमच्याच बाजूचा : सोय घरमालकाने स्वतः करायची. नाही केली तर गुन्हा! लोकांवर खटले भरले गेले. स्वावलंबन तिथे उपदेश नव्हता, दंडासकट लागू होतं. पाइप तरी उघडाच राहिला.

आता तुमची बाजूही घेतो. 'वंशवाद' हा शब्द घोषणेला बरा, कोर्टात लंगडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या सँडोव्हल निकालानंतर नुसता परिणाम दाखवून भागत नाही. सामान्य माणसाला नागरी हक्क कायद्याखाली दावा लावायचा तर मुद्दाम केलं हे सिद्ध करावं लागतं. धुराड्याचा हेतू कसा सिद्ध करणार? लाउंड्ससाठी 2023 मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने राज्याशी करार केला, खटले थांबवायचं ठरलं. एप्रिल 2025 मध्ये तोच विभाग हा 'डायव्हर्सिटी'चा (वंश वगैरे बघून विविधता जपण्याच्या धोरणाचा) प्रकार आहे म्हणून करारातून बाहेर पडला. नुसतं 'मैलापाणी' म्हटलं असतं तर टिकला असता का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

रोखठोक
दंडाचं माहीत नव्हतं. डेपोसाठी जागा निवडणाऱ्यांना कुणी स्वावलंबन शिकवत नाही, हेही मान्य. पण कारखाना घालवल्यावर पगार कोण देणार, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही.

चिखलवाट
नाही.

वाटसरू
ऑपरेटरला लाउंड्सचं सांगितलं. म्हणाला, "टाकी माझ्या आईनेही स्वतःच बसवून घेतली, कुणाकडे मागायला गेली नाही." मग जरा वेळाने : "सायरन झाला की खिडक्या लावायच्या, दाराखाली ओला टॉवेल. हे मी पाचव्या वर्षी शिकलो. तेही स्वतःच धर."