चयापचयाची लय की चयापचयाचा लय?

विचारणा

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्राण्यांवर लेख लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य: 'अखंड अंधारात ठेवलेल्या खेकड्यांच्या चयापचयाचा दैनिक व भरतीय लय चालूच राहिला.' कुठेतरी खटकतंय. रोज फिरून येणाऱ्या 'सर्केडियन' लयीसाठी 'दैनिक' बरोबर आहे का? भरती-ओहोटीच्या, म्हणजे 'टायडल'साठी एका ठिकाणी 'ज्वारीय' वाचलं, ते घ्यावं का?

प्रतिसाद

खटकतंय ते 'लय'चं लिंग. मराठीत हा शब्द दोन लिंगांत दोन अर्थांनी नांदतो. गाण्यातली ती लय: लय वाढली, लय सुटली. आणि उत्पत्ती-स्थिती-लय यातला तो लय, म्हणजे विलय, नाश. 'चयापचयाचा लय झाला' म्हटलं तर तुमचा खेकडा मेला! 'चयापचयाची लय' म्हटलं की त्याचा प्राणवायूचा वापर ठरावीक अंतराने वाढतो आणि उतरतो, हे कळतं. 'चयापचय' मात्र निर्धास्त वापरा. चय म्हणजे शरीरात द्रव्यं घडवणं, साठवणं. अपचय म्हणजे ती मोडून ऊर्जा काढणं. लय या दोन्हींना असते, म्हणून जोडशब्दच हवा.

प्रतिसाद

'ज्वारीय' नको. तो हिंदीतल्या 'ज्वार'वरून आला आहे, मराठी वाचकाला आधी ज्वारी आठवेल. 'भरतीय'ही ओढूनताणून केलेला वाटतो, शिवाय नुसत्या 'भरती'ने नोकरभरतीही मनात येते. सरळ 'भरती-ओहोटीची लय' लिहा. चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

प्रतिसाद

'दैनिक'बद्दल माझी हरकत जरा खोलवरची आहे. 'सर्केडियन' हा शब्द जैविक लयींचे अभ्यासक फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये लॅटिनवरून घडवला: 'सर्का' म्हणजे सुमारे, 'डिएस' म्हणजे दिवस. त्यातलं 'सुमारे' फार मोलाचं आहे. बाहेरचा उजेड-अंधार काढून घेतला की शरीरातलं घड्याळ आपल्या चालीने चालतं आणि ती चाल नेमकी २४ तासांची नसते. उंदरात ती २४ तासांपेक्षा थोडी कमी भरते, माणसात थोडी जास्त. रोजची पहाट हे घड्याळ जुळवून घेते. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर आवर्तन प्राण्याचं स्वतःचं, सूर्य त्याला समेवर आणतो. 'दैनिक' म्हटलं की ते 'सुमारे'ही जातं आणि लय आतून येते हेही हरवतं. 'अहोरात्र लय'ही नको. अहोरात्र म्हणजे आपल्याकडे 'अखंड, न थांबता', नेमका उलटा अर्थ. मी 'सुमारे दिवसाची लय' लिहितो आणि पुढे कंसात 'सर्केडियन'.

भरती-ओहोटीच्या लयीचं आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. दोन आवर्तनांचे २४ तास ५० मिनिटं, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. या २४ तास ५० मिनिटांना 'चांद्रदिन' म्हणू नका. तिथीलाही चांद्रदिन म्हणतात आणि तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. एकाच शब्दात दोन मापं शिरली की वाचक हिशेबात अडकतो.

विचारणा करणारी

तिथीचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. पण मग या दोन लयी एकमेकींपासून सरकतच जातात का? 'सरकणे' बरोबर वाटतं का?

प्रतिसाद

अगदी बरोबर. आणि सुमारे १५ दिवसांनी त्या पुन्हा जुळतात. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे, पंधरवडा. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ फ्रँक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात फिडलर खेकड्यांचा प्राणवायूचा वापर मोजला, तेव्हा प्रयोगशाळेत, पाण्यापासून दूरही या दोन्ही लयी दिसल्या. त्यामागे आतलं घड्याळ आहे की बाहेरचा एखादा सूक्ष्म इशारा, यावर पुढे बराच वाद झाला. ब्राउन इशाऱ्याच्या बाजूचे होते. २०१३ मध्ये युरिडिसी पुल्क्रा या इवल्या सागरी जीवात दिवसाचं घड्याळ बिघडवूनही त्याची भरतीबरोबर पोहण्याची लय टिकून राहिलेली दिसली. म्हणून लेखात 'लयी' हे अनेकवचन जपा; 'दैनिक व भरती-ओहोटीची लय' असं एकवचन केलंत तर दोन घड्याळांचं एकच होईल.

अजून एक, शब्दाच्या प्रेमापोटी. आपला 'वेळ' ज्या संस्कृत 'वेला'पासून आला, तिचे अर्थ काळ, किनारा आणि भरती असे तिन्ही आहेत. आणि 'वेळ'ही लिंगाने अर्थ बदलतो: वेळ गेला, पण वेळ आली. ओहोटीला शिंपला मिटून चयापचय मंदावणाऱ्या जीवाबद्दल 'त्याची वेळ झाली' असं लिहिलंत, तर ते किती नेमकं होईल!

विचारणा करणारी

वाक्य आता असं केलं आहे: 'अखंड अंधारातही खेकड्यांच्या चयापचयाच्या दोन्ही लयी चालू राहिल्या, एक सुमारे दिवसाची, दुसरी भरती-ओहोटीची.' शिंपल्याचं वाक्य पुढच्या परिच्छेदात घेते.