हौशी म्हणजे कच्चा का? बँक, तबला आणि निवेदिका

ठेकेदार_लक्ष्मीनगर
मागच्या महिन्यात सिव्हिल लाइन्समध्ये एका छोट्या मैफलीत साथीला होतो. निवेदिकेनं ओळख करून दिली, "हौशी तबलावादक, बँकेत असतात." गायिका कॉलेजात शिकवते, तिच्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही!
२२ वर्षं काउंटरवर काढली. रोज पहाटे पाच ते साडेसहा बसतो. मे महिन्यातही कूलर बंद, कारण ओली हवा लागली की पुडी, म्हणजे वरचं चामडं, सुरातून उतरते आणि हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद, यावरून काय ते समजा.
माझं मत असं, की पगार आहे म्हणूनच माझा तबला वाचला. लग्नात पंगती उठत असताना मागे वाजवायला मी सरळ नाही म्हणतो. ज्यांच्या नावाच्या सभागृहात आपण टाळ्या वाजवतो ते गायक वसंतराव देशपांडेसुद्धा कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. बोला.

सदर_बाजार
वसंतरावांचं नाव सगळे पुढे करतात अन् गोष्ट अर्धीच सांगतात. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली. 'कट्यार काळजात घुसली' नाटकातला त्यांचा खाँसाहेब १९६७ चा, म्हणजे त्यानंतरचा. साहेबाकडे रजेचा अर्ज टाकत तेवढे प्रयोग झाले असते का?
दीड तासाचा रियाज काल होतो तिथे टिकून राहायला पुरतो. नवा कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, हातात बसवून त्याचे पलटे, म्हणजे बोल फिरवून केलेले विस्तार, काढायचे कधी? राग मानू नका, पण निवेदिका चुकली नाही.

ठेकेदार_लक्ष्मीनगर
दीड तास कमी आहे, मान्य. पण माझे दोन मित्र पूर्णवेळ तबल्यात आहेत. दुपारी तीनपासून पाच-पाच बॅचेस, पोरांचं 'धा धा तिट' ऐकत बसतात. रात्री स्वतःच्या तबल्याची खोळ काढायची इच्छा होत नाही म्हणतात. मग त्यांची नोकरी नाही तर काय?

षड्ज_धंतोली
एक साधा प्रश्न. पहाटे पाचला तुम्ही तबल्यावर, तेव्हा डबे कोण करतं?
मी शाळेत शिकवते, गाते. दुसऱ्या मुलीनंतर ९ वर्षं तंबोरा कपाटावर होता. कोणी मनाई केली नव्हती, फक्त वेळ कोणी दिला नाही. आपल्याकडे नाटककार एलकुंचवार, कवी ग्रेस दोघांनीही कॉलेजात शिकवत लिहिलं, हे उदाहरण मला हमखास ऐकवतात. लिहिण्याचं मी सांगू शकत नाही. पण माझा गळा तापायलाच पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या असतात.

वडस्याचा_भाऊ
काहून भांडून राहिले जी? आमच्या झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूरकडे, दिवाळी ते होळी नाटकं. रात्री पडदा उघडते, पहाटे बंद होते. मी सीझनभर नाटकात, बाकीचे दिवस नागपुरात वायरिंगचं काम. यातली नोकरी कोणती अन् कला कोणती, मले आजवर कोणी विचारलं नाही. पैसे मात्र नाइट मोजून घेतो.

सदर_बाजार
भाऊ, तुमची बातच वेगळी. थंडीत शेकोटी सोडून लोक तिकीट काढून येतात, तिथे 'हौशी' शब्द आपोआप गळतो. ठेकेदार, तुम्ही बिदागी घेता का, की "असू द्या, असू द्या" म्हणता?

ठेकेदार_लक्ष्मीनगर
बहुतेक वेळा "असू द्या" म्हणतो. पगार आहे ना, मागायला लाज वाटते. आता लिहिताना जाणवलं, की माझ्यामुळे त्या दोन मित्रांचा भाव पडत असेल.
आणि मॅडम, डबे बायकोच करते. हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

षड्ज_धंतोली
उद्या पाचला तिला झोपू द्या. भाजी तुम्ही चिरा.

ठेकेदार_लक्ष्मीनगर
चिरतो. तसाही उद्या दुसरा शनिवार, बँक बंद.

षड्ज_धंतोली
सुट्टीच्या दिवशी कोणीही चिरेल. सोमवारी चिरा.