जनुकीय डेटा देशाबाहेर का जाऊ देत नाहीत?

अर्धवट_पीएचडी: आमच्या प्रकल्पात तीन देशांतल्या लॅब आहेत. चीनमधली टीम म्हणते, कच्चा सिक्वेन्सिंग डेटा (म्हणजे प्रत्येकाच्या डीएनएचं मूळ वाचन) मिळणार नाही, एकत्रित आकडे तेवढे घ्या. अहो, नावं-गावं केव्हाच काढून टाकली आहेत! मग अडवणूक कसली?

जीनोमराखण: त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या हातात काही नाही. डेटा मागणाऱ्यांचे अर्ज तपासणं हे माझं काम, आणि निम्मा वेळ हेच समजावण्यात जातो.

चीनमध्ये मानवी जनुकीय नमुन्यांवर १९९८ पासून नियम आहेत. ते २०१९ मध्ये कडक झाले आणि जुलै २०२३ पासून तपशीलवार नियमावली आली. परदेशी संस्थेला तिथे थेट नमुने गोळा करता येत नाहीत, स्थानिक भागीदार लागतोच. माहिती बाहेर द्यायची तर आधी सरकारला कळवा, प्रत जमा करा. ५०० हून जास्त लोकांचे जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकीय आराखडे, असले की वर सुरक्षा तपासणी.

अमेरिकाही काही मागे नाही. एप्रिल २०२५ पासून १०० हून जास्त अमेरिकी लोकांचा जीनोम डेटा चीन, रशिया, इराण वगैरे सहा देशांच्या हाती जाईल असे व्यवहार तिथल्या न्याय खात्यानं रोखलेत. नावं काढलेला, एन्क्रिप्ट केलेला डेटासुद्धा त्यात आला. सरकारी अनुदानावरच्या संशोधनाला त्यातून सूट आहे खरी, पण त्याच महिन्यात एनआयएचनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं, आपले नियंत्रित (परवानगी घेऊनच बघता येणारे) डेटा साठे या देशांतल्या संस्थांना बंद केले. म्हणजे एका हातानं सूट, दुसऱ्या हातानं कुलूप.

उंबरठा: नावं काढली की काम झालं, हे आइसलँडच्या कोर्टालाही पटलं नव्हतं. तिथे १९९८ च्या कायद्यानं अख्ख्या देशाच्या आरोग्य नोंदी एका डेटाबेसमध्ये जाणार होत्या. एका मुलीनं आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी द्यायला नकार दिला. त्यांवरून तिच्याबद्दलही अंदाज बांधता येतो, हे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. तो डेटाबेस पुढे झालाच नाही.

अर्धवट_पीएचडी: हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मग आता करू काय?

जीनोमराखण: डेटा हलवू नका, कोड पाठवा. प्रत्येक लॅबनं आपापल्या सर्व्हरवर तोच प्रोग्राम चालवायचा, एकत्र करायचे ते निकाल. वेळखाऊ आहे, आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळवताना घाम फुटतो. पण आकडे मिळाले म्हणून ते लगेच सगळ्यांना खुले करू नका. एखादी व्यक्ती त्या गटात होती का, हे नुसत्या एकत्रित आकड्यांवरून ओळखता येतं असं २००८ मध्येच दिसलं होतं. तेव्हा एनआयएचनं खुले ठेवलेले आकडे मागे घेतले होते.

आणि संमतिपत्र काढून बघा. परदेशी लॅबचा उल्लेख त्यात नसेल, तर कोणत्याही सरकारच्या आधी तुमची एथिक्स कमिटीच अडवेल. माझ्या मते तिनं अडवायलाच हवं. हे दोन्ही देश ज्या डेटावरून भांडतात, तो ज्यांच्या रक्तातून आला त्यांना विचारायला फारसं कुणी जात नाही.