शेअर्ड मेलबॉक्स ते स्वतःचा मेलबॉक्स: फोल्डर हलवतानाचे अनुभव

मंडळी,

विभागाचा शेअर्ड मेलबॉक्स आणि आपला स्वतःचा, यांच्यात फोल्डरांची ने-आण करायची वेळ कधी ना कधी येतेच. कोणी नोकरी सोडतं, कोणाची बदली होते, प्रकल्प संपतो आणि 'हे सगळं आता शेअर्डमध्ये टाका' असा निरोप येतो. आपण फोल्डर ओढतो, पट्टी अर्ध्यावर अडकते, 'फोल्डर हलवता आलं नाही' एवढंच लिहून येतं. का, ते लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. एकाच मेलबॉक्सच्या आत फोल्डर हलवलं तर सर्व्हरवर फक्त त्याची जागा बदलते, म्हणून ते चुटकीसरशी होतं. मेलबॉक्स बदलला की मात्र प्रत्येक मेलची नवी प्रत तिकडे तयार होते आणि त्यानंतर इकडची पुसली जाते. दिसताना दोन्ही सारखंच दिसतं, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तुमच्याकडे काय अडलं आणि कसं सुटलं, लिहा. कुठला प्रोग्राम वापरता तेही सांगा, कारण आउटलुकचं औषध थंडरबर्डला लागू पडत नाही.

हेल्पडेस्कवाला

माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष परमिशनचा निघतो. लोक म्हणतात, 'मला फोल्डर दिसतंय, उघडतंय, मग हलत का नाही?' दिसणं वेगळं, हलवणं वेगळं. हलवायला जिथून उचलायचं तिथे पुसण्याचा हक्क लागतो आणि जिथे ठेवायचं तिथे नवीन तयार करण्याचा. आउटलुकमध्ये एखाद्या फोल्डरवर 'ऑथर' हक्क असेल तर नवीन मेल टाकता येतो, पण पुसता येतो तो फक्त स्वतः टाकलेला. 'एडिटर' असेल तर सगळ्यांचे पुसता येतात. सबफोल्डर करायचं असेल तर 'पब्लिशिंग ऑथर', 'पब्लिशिंग एडिटर' किंवा 'ओनर' हक्क लागतो.

आता वर लिहिलेलं 'आधी प्रत, मग पुसणं' इथे लावून बघा. प्रत झाली, पुसायला हक्क नाही. म्हणजे मेल दोन्हीकडे! 'सर्व्हरने डुप्लिकेट केले' म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी अशाच असतात.

आणखी एक. इनबॉक्सच्या आतल्या सबफोल्डरला परमिशन दिली, पण वरच्या पायऱ्यांवर 'फोल्डर व्हिजिबल' दिलंच नाही, तर ते फोल्डर यादीत दिसत नाही. ही खूण मूळ मेलबॉक्सच्या नावापासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर हवी. ॲडमिनने पूर्ण मेलबॉक्सचा 'फुल ॲक्सेस' दिला तर ही कटकट नसते. फक्त नवी परमिशन लगेच लागू होईलच असं नाही, तेव्हा थोडं थांबून आउटलुक बंद करून परत उघडा आणि मगच फोन फिरवा.

खतावणी

मी अकाउंट्समध्ये आहे, तांत्रिक ज्ञान बेताचंच. आमच्या शेअर्ड मेलबॉक्समधलं पुरवठादारांचं अख्खं फोल्डर एका सकाळी गायब. प्रत्येकजण 'मी हात लावला नाही' म्हणत होता, आणि खरंच कोणी मुद्दाम लावला नव्हता. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट घसरलं की फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतं, हे नंतर कळलं.

आमच्या आयटीतल्या मुलीने सांगितलेला उपाय सोपा आहे. त्या फोल्डरमधल्या एखाद्या मेलचा विषय आठवायचा, कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून तो शोधायचा आणि निकालातल्या 'इन फोल्डर' या रकान्यात बघायचं. पण फोल्डर एखाद्याच्या वैयक्तिक मेलबॉक्समध्ये गेलं असेल तर आपल्या शोधात ते येणारच नाही. आमचं तसंच झालं होतं. सगळ्यांना आपापल्याकडे शोधायला लावलं तेव्हा एका सहकाऱ्याच्या इनबॉक्सखाली सापडलं. मध्ये एक-दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ते वेगळंच.

ॲडमिनकडे मेलबॉक्सचा ऑडिट लॉग असतो, त्यात कोणी काय हलवलं याची नोंद मिळू शकते. तो आधी बघितला असता तर अबोला टळला असता.

हेल्पडेस्कवाला

खतावणीताई, यात एक पुरवणी. शेअर्ड मेलबॉक्समधला मेल पुसला की आउटलुकमध्ये तो शेअर्डच्या 'डिलीटेड आयटम्स'मध्ये न जाता पुसणाऱ्याच्या स्वतःच्या 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातो. मुळातच तशी मांडणी आहे. लोक शेअर्डची कचरापेटी उपसत बसतात आणि मेल शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे असतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या यादीत) 'डेलिगेट वेस्टबास्केट स्टाइल' नावाची नोंद 4 केली की पुसलेलं मूळ मेलबॉक्सच्या पेटीत जातं. हे प्रत्येकाच्या संगणकावर करावं लागतं, म्हणून आयटीकडूनच करून घ्या.

पाठवलेल्या मेलचंही तेच. शेअर्डच्या नावाने पाठवलं तरी प्रत पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये राहते. शेअर्डच्या 'सेंट'मध्येही ती ठेवायची सोय ॲडमिनला सर्व्हरवरून चालू करता येते. फोल्डर हलवताना 'निम्मा पत्रव्यवहार कुठे गेला' असं वाटलं तर आधी हे तपासा.

प्रकल्पसमन्वयक

माझी अडचण आकड्यांची होती. जुन्या प्रकल्पाचं फोल्डर स्वतःकडून शेअर्डमध्ये न्यायचं होतं आणि दोन्हीकडची मेलसंख्या काही केल्या जुळेना. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फोल्डर साइझ'चं बटण सापडलं. त्यात 'लोकल डेटा' आणि 'सर्व्हर डेटा' असे दोन टॅब आहेत. दोन्हींतले आकडे वेगळे असतील तर संगणकावरची प्रत सर्व्हरशी जुळलेली नाही. माझ्याकडे ऑफलाइन ठेवायच्या मेलची मर्यादा एक वर्षाची होती, त्यामुळे त्याआधीचं सर्व्हरवर होतं पण संगणकावर नव्हतंच. अशा स्थितीत पीएसटी फाइल (आउटलुकमधले मेल वेगळे जपायची फाइल) काढली तर तिच्यातही संगणकावर उतरलेलंच येतं. बॅकअप म्हणून ती जपून ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

मर्यादेची पट्टी शेवटपर्यंत ओढली, सगळं उतरू दिलं आणि मगच पुढे गेलो. यालाही किंमत आहे. शेअर्ड मेलबॉक्सची फोल्डरं आपल्याच ओएसटी फाइलमध्ये (संगणकावरची मेलची प्रत जिथे राहते ती) उतरतात आणि त्या फाइलची मूळ मर्यादा 50 जीबी आहे. दोन-तीन मोठे शेअर्ड मेलबॉक्स आपोआप जोडलेले असतील तर ती भरायला वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये वेगळ्या लायसन्सशिवायच्या शेअर्ड मेलबॉक्सलाही 50 जीबीचीच हद्द आहे, म्हणून ओतण्याआधी तिकडची जागा बघा.

आता मी 'मूव्ह' करतच नाही. 'कॉपी फोल्डर' करतो, सर्व्हरचे आकडे जुळवतो, 'सिंक इश्यूज'मधली (जुळवणीतल्या अडचणींच्या नोंदींची) सबफोल्डरं बघतो आणि मग मूळ पुसतो. वेळ जातो, झोप जात नाही.

रंगारी

छोटीशी भर. मेलना लावलेल्या कॅटेगरीचे रंग हलवल्यावर उडतात. कॅटेगरीचं नाव मेलसोबत जातं, पण कुठल्या नावाला कुठला रंग ही यादी मेलबॉक्सची असते. शेअर्डच्या यादीत ते नाव घातलं की रंग परत येतात. आणि ज्या फोल्डरकडे नियम मेल पाठवतोय ते हलवलं की नियम मोडतो, हे गृहीतच धरा.

पोस्टमास्तर

आमच्याकडे आउटलुक नाही. स्वतःचा आयमॅप सर्व्हर (आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) आणि बहुतेकांकडे थंडरबर्ड. वरच्या परमिशनचं इथलं रूप म्हणजे एसीएल (कोणाला कुठला हक्क याची यादी), 2005 च्या आरएफसी 4314 या इंटरनेटच्या मानकातलं. प्रत्येक हक्काला एक अक्षर. मेलवर 'पुसायचा' अशी खूण करायला टी, तो खरोखर काढून टाकायला ई, अख्खं फोल्डर काढायला एक्स. टी दिला आणि ई विसरला की मेल राहतात तिथेच, डोक्यावर काट मारलेले. वापरणारा म्हणतो 'हलवले तरी जात नाहीत'. 2013 च्या आरएफसी 6851 पासून आयमॅपमध्ये 'मूव्ह' ही आज्ञा आली. त्याआधी प्रत, खूण आणि साफसफाई अशा तीन आज्ञा द्याव्या लागत. जुन्या सर्व्हरवर अजूनही तसंच चालतं आणि मध्येच कनेक्शन तुटलं की दोन्हीकडे अर्धं-अर्धं.

आणखी डोकेदुखी नावांची. फोल्डरच्या पायऱ्या वेगळ्या करायला काही सर्व्हर टिंब वापरतात, काही तिरकी रेघ. 'बिलं 3.2' नावाचं फोल्डर टिंबवाल्या सर्व्हरवर नेलं तर 'बिलं 3' च्या आत '2' तयार होऊ शकतं, किंवा सर्व्हर सरळ नकार देतो. हलवण्याआधी नावं साफ करा. आणि हलवलेलं फोल्डर दिसत नसेल तर घाबरू नका, आधी 'सबस्क्राइब' केलंय का, म्हणजे यादीत दाखवायला निवडलंय का, ते बघा.

मोठ्या कामाला माउस नकोच. आयमॅपसिंकसारखं साधन वापरा. 'ड्राय' पर्याय लावून आधी नुसतं काय होईल ते बघता येतं, आणि मध्ये तुटलं तर पुन्हा चालवताना आधीच गेलेले मेल ते परत टाकत नाही.

लेबलवाली

जीमेलवाल्यांसाठी: तिथे फोल्डर नसतातच, लेबलं असतात. आयमॅपने जोडलं की प्रत्येक लेबल फोल्डरसारखं दिसतं आणि एकच मेल 'ऑल मेल'मध्ये, शिवाय प्रत्येक लेबलखाली दिसतो. सगळी फोल्डरं दुसऱ्या सर्व्हरवर ओढलीत तर तोच मेल तिकडे अनेकदा उतरतो. 'ऑल मेल' वगळा. शिवाय आयमॅपवर दिवसाला 2500 एमबी उतरवायची आणि 500 एमबी चढवायची मर्यादा आहे. चढवताना मध्येच सगळं ठप्प झालं तर ही शक्यता आधी तपासा.

नियमावली

थोडा विरोधी सूर लावते. मुळात हलवायचं कशाला? रेकॉर्ड सांभाळायच्या कामात मी आहे. वैयक्तिक मेलबॉक्सवर ठरावीक मुदतीनंतर मेल आपोआप पुसायचं धोरण लावलेलं असतं, शेअर्डवर बरेचदा वेगळं. शेअर्डमधलं फोल्डर 'सोयीसाठी' कोणी स्वतःकडे नेलं की त्या मेलना नव्या घराची मुदत लागू होते आणि जुने मेल गुपचूप निघून जातात. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्ट 365 ची मेलसेवा) कायमचं पुसलेलं परत मिळायची मूळ मुदत 14 दिवस आहे, ॲडमिन ती 30 पर्यंत वाढवू शकतो. त्यानंतर होल्ड (मेल नष्ट होऊ न देणारी बंदी) लावलेला नसेल तर हात चोळत बसायचं. त्यापेक्षा मेल आहे तिथे ठेवा आणि ज्याला हवं त्याला परमिशन द्या.

प्रकल्पसमन्वयक

नियमावलीताई, पटतंय, पण सोडून गेलेल्या माणसाचं खाते बंद करायचं असतं तेव्हा हलवण्यावाचून गत्यंतर नसतं.

हेल्पडेस्कवाला

तेव्हाही असतं. ॲडमिन ते अख्खं खातं शेअर्ड मेलबॉक्समध्ये रूपांतरित करू शकतो. एकही फोल्डर ओढावं लागत नाही. फक्त लायसन्स काढून घेण्याआधी रूपांतर करा आणि मूळ खातं डिलीट करू नका.

खतावणी

एक प्रश्न. एक फोल्डर शेअर्डमध्ये आलंय, संगणकावर दिसतं, फोनवर दिसत नाही. का?

पोस्टमास्तर

ते आधीच्या आयमॅप खात्याच्या डेटा फाइलमधून आयात केलेलं असणार. अशा फोल्डरचा अंतर्गत प्रकार साध्या मेल फोल्डरचा नसून 'आयमॅप' असा राहतो आणि फोन त्याला ओळखत नाही. तिथेच नवीन रिकामं फोल्डर करा, आतले सगळे मेल निवडून त्यात टाका आणि जुनं काढून टाका. फोल्डर ओढू नका, मेलच हलवा, नाहीतर जुना प्रकारही सोबत येईल.