महामार्ग ६१ : सूर आणि सावल्या

अमेरिकेतील महामार्ग ६१ वरून मेम्फिस ते न्यू ऑर्लिन्स या प्रवासात संगीतस्थळे आणि झपाटलेल्या वास्तू यांना वेगवेगळे दिवस द्यावेत, अशी एक सूचना केली जाते; ती मला पटली नाही, कारण मिसिसिपी डेल्टात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. क्लार्क्सडेलचे रिव्हरसाइड हॉटेल पूर्वी कृष्णवर्णीयांचे रुग्णालय होते आणि १९३७ साली मोटार अपघातानंतर ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांची संगीतशैली) गायिका बेसी स्मिथ यांनी तेथेच अखेरचा श्वास घेतला; त्या वास्तूसमोर उभे राहिल्यावर भुताची गोष्ट कोणी सांगावी लागत नाही.

त्याच गावात ६१ आणि ४९ या महामार्गांच्या चौकावर गिटारांचे स्मारक आहे. ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांनी चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून वादनकला मिळवली, ही दंतकथा प्रसिद्धच आहे. मात्र तसाच करार त्यांच्याआधीचे ब्लूज कलाकार टॉमी जॉन्सन यांच्याविषयीही सांगितला जात असे, हे आवर्जून लक्षात ठेवावे. रॉबर्ट १९३८ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, ग्रीनवुडजवळ वारले आणि त्या परिसरात त्यांच्या नावाचे तीन स्मृतिदगड आहेत. वेळ कमी असेल, तर लिटल झायन चर्चजवळचा दगड निवडावा.

पुढे लुईझियाना राज्यातील सेंट फ्रान्सिसव्हिलला मर्टल्स ही हवेली लागते. तेथील क्लोई नावाच्या गुलाम स्त्रीच्या भुताच्या कथेला कागदोपत्री आधार सापडत नाही, परंतु १८७१ मध्ये तेथे विल्यम विंटर यांची गोळी घालून हत्या झाली, ही नोंदलेली घटना आहे. मार्गदर्शकाला याविषयी अवश्य विचारावे.