महामार्गाच्या कडेचा कचरा : प्रायोजकत्वाबाबत

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या यंदाच्या शिलकीतून गोव्यातील राष्ट्रीय महामार्ग ६६ चा एखादा टप्पा सफाईसाठी दत्तक घ्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. गोव्यात परतलेल्या सभासदांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

आपली,
सचिव

आदरणीय सचिवताई,

स. न. वि. वि.

सूचना मनापासून आवडली. फक्त सुरुवात मंडळाच्या नावाच्या फलकाने करू नये, एवढा माझा आग्रह आहे. महामार्ग दत्तक घेण्याची ही पद्धत अमेरिकेतली. तिथे टेक्ससमध्ये १९८४ साली जेम्स इव्हान्स या महामार्ग अभियंत्याने पुढच्या गाडीतून उडणारा कचरा पाहिला आणि १९८५ च्या मार्चमध्ये टायलर शहरातल्या सिव्हिटन क्लब या सेवाभावी संस्थेने महामार्ग ६९ चा दोन मैलांचा पहिला टप्पा सफाईसाठी पत्करला. क्लबचे नाव फलकावर लागले, ते सभासद स्वतः कचरा वेचणार होते म्हणून. पैसे देऊन ठेकेदाराकडून सफाई करवून घेण्याचीही पद्धत तिकडे आहे, पण आपण आधी अंगमेहनतीचाच मार्ग धरावा असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्यात पर्वरीजवळ आम्ही शेजारीपाजारी मिळून एका सकाळी गटार उपसले. तांबड्या चिखलात तोंडाशी फुटलेली बियरची बाटली रुतली होती, तिला वेफर्सचे पाकीट चिकटले होते आणि त्यामागे तुंबलेले पाणी रस्त्यावर आले होते. जाड हातमोजे नसते तर बोट कापलेच असते. बारा पोती भरली. परंतु ती न्यायला ठरलेले वाहन आलेच नाही, आणि तिसऱ्या दिवशी गुरांनी पोती फाडून सगळा कचरा पुन्हा त्याच गटारात लोटलेला पाहिला, तेव्हा फार वाईट वाटले.

म्हणून मंडळाचा पैसा आधी वाहनभाडे, हातमोजे, चकाकणारी जॅकेटे आणि काच वेगळी ठेवण्यासाठी पिंपे यांवर खर्च व्हावा. साळगावला २०१६ पासून कचरा प्रक्रिया प्रकल्प चालू आहे. आपली पोती तिथे घेतील का आणि वर्गीकरण कसे हवे, हे पंचायतीमार्फत लेखी ठरवून घेतल्याशिवाय एकही पोते भरू नये. टप्पाही दोन किलोमीटरांपेक्षा मोठा नको, कारण तेवढाच पुन्हा पुन्हा झाडून काढणे आपल्याला झेपेल.

पहिली फेरी चतुर्थी आटोपल्यावर घेता येईल, दुसरी मेअखेरीस, गटारे भरण्याआधी. अर्जाचा मसुदा आपण पाठवल्यास पंचायतीत तो मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
पर्वरीचा सभासद